बेचक्यातली गाठ : मानेच्या एका दुर्मीळ गाठीचे ऑपरेशनआधीचे आणि नंतरचे फोटो

"डॉक्टर, हाई गाठ दुखत नही, मंग काढानी कसाले?"

शिरपूरकडच्या एका मावशींनी सोनोग्राफीच्या टेबलावर पडल्या पडल्या मला हा प्रश्न विचारला होता. डाव्या जबड्याखाली लिंबाएवढी गाठ, चार वर्षांपासूनची. मानेत गाठ म्हणजे टीबीची, असं धरून कुठेतरी त्यांना सहा महिने टीबीच्या गोळ्याही दिल्या गेल्या होत्या. गाठ जिथल्या तिथेच होती. मी रिपोर्टवर "कॅरोटिड बॉडी ट्यूमर" लिहिलं आणि संध्याकाळपर्यंत त्यांच्या घरात रडारड सुरू झाली, कारण मुलाने फोनवर फक्त "ट्यूमर" एवढंच वाचलं होतं. दुसऱ्या दिवशी सगळं घर धुळ्याला आलं. त्यांना तेव्हा जे सांगितलं तेच इथे जरा ऐसपैस सांगतो. असे रिपोर्ट हातात घेऊन गोंधळलेली माणसं मला अजून भेटतात.

पाट, दोन चाऱ्या आणि पाटकरी

साक्रीकडे पांझरा नदीवरची फड पद्धत, म्हणजे पाटाचं पाणी वाटून घ्यायची जुनी रीत, ज्यांनी पाहिली आहे, त्यांना मानेतली ही जागा लगेच कळेल. बंधाऱ्यावरून पाट निघतो, पुढे त्याला चाऱ्या फुटतात आणि कोणत्या फडाला किती पाणी जातंय यावर पाटकरी लक्ष ठेवतो. आपल्या मानेतही दोन्ही अंगांना एकेक मोठा पाट आहे. त्याला कॅरोटिड धमनी म्हणतात. गळ्याच्या बाजूला बोटं ठेवली की जी नाडी लागते, ती हीच. कंठमण्याच्या वरच्या कडेच्या आसपास तिला दोन फाटे फुटतात. आतला फाटा मानेत एकही फांदी न देता थेट मेंदूकडे जातो. बाहेरचा फाटा चेहरा, जीभ, गळा यांना रक्त पुरवतो.

हे दोन फाटे जिथे फुटतात त्या बेचक्यात तांदळाच्या दाण्याएवढा एक पेशींचा पुंजका असतो, तीच कॅरोटिड बॉडी. हा आपला पाटकरी. रक्तात ऑक्सिजन कमी झाला की तो मेंदूला खबर देतो आणि आपला श्वास वाढतो. ही खबर मानेतल्या अशा जागांवरून कशी जाते हे शोधून काढल्याबद्दल बेल्जियमच्या कॉर्नेल हेमान्स यांना १९३८ सालचं नोबेल मिळालं होतं.

कधी कधी हा दाणाच वाढत जातो आणि त्याची गाठ होते. अशा गाठींच्या कुळाला पॅरागँग्लिओमा म्हणतात. यापुढे मी नुसतं "गाठ" म्हणेन. डोक्या-मानेच्या शंभर गाठी पाहिल्या तर त्यात हिचा एकही नमुना मिळणार नाही, इतकी ही विरळ आहे. वाढ फार संथ, सरासरी वर्षाला एखादा मिलिमीटर. बहुतेक गाठी कधीच दुसरीकडे पसरत नाहीत, पण थोड्या पसरतात आणि कोणती पसरेल हे सूक्ष्मदर्शकाखालीही खात्रीने सांगता येत नाही. म्हणून "साधी गाठ आहे, विसरून जा" असंही आम्ही म्हणत नाही.

अँडीज पर्वतासारख्या फार उंच, विरळ हवेच्या ठिकाणी पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्यांत ही गाठ जास्त सापडते, कारण तिथे पाटकऱ्याला कायमच जास्त काम पडतं. आपल्याकडे हे कारण लागू होत नाही. आपलं तोरणमाळसुद्धा जेमतेम साडेअकराशे मीटरवर आहे.

आधी शेजारी बघायचे, मग गाठ

कलर डॉपलर म्हणजे सोनोग्राफीतच वाहतं रक्त लाल-निळ्या रंगात दाखवणारी सोय. मावशींच्या गळ्यावर प्रोब ठेवला तेव्हा गाठीत रंगच रंग दिसले, म्हणजे रक्ताचा पुरवठा भरपूर. पण निदान झालं ते दुसऱ्या गोष्टीवरून. एरवी वर जाताना एकमेकींजवळ राहणाऱ्या त्या दोन चाऱ्या फाकल्या होत्या आणि गाठ मधोमध बसली होती. पहिल्यांदा वर्णन करणाऱ्या डॉक्टरांना या आकारात लायर नावाचं ग्रीक तंतुवाद्य दिसलं, म्हणून पुस्तकात ती "लायर खूण". मला मात्र दर वेळी झाडाच्या बेचक्यात अडकलेला गोटाच आठवतो.

गाठ कुणाला कुठे ढकलते, यावर तिचं नाव ठरतं. दोन चाऱ्यांच्या मध्ये शिरून त्यांना फाकवलं, तर कॅरोटिड बॉडीची गाठ. दोन्ही चाऱ्या एकत्रच पुढे ढकलल्या गेल्या, तर गाठ बहुधा मागून जाणाऱ्या व्हेगस नावाच्या नसेशी निगडित. धमनी आणि तिच्याशेजारची मोठी शीर एकमेकींपासून दूर गेल्या आणि गाठीत रक्त बेताचंच, तर नसेच्या आवरणाची गाठ, म्हणजे श्वानोमा, असण्याची शक्यता वाढते. आणि बेचक्याशी संबंधच नाही, काठाने फुगलेल्या ग्रंथींची माळ दिसते, तर टीबी किंवा दुसरं काही.

सुई टाकून तुकडा का घेत नाहीत?

हा प्रश्न मावशींच्या भावाने विचारला आणि तो रास्तच होता. भरताचं वांगं किडकं आहे का हे कापल्यावरच कळतं, मग गाठीचा तुकडा का नको?

कारण हे वांगं रक्ताने ठासून भरलेलं आहे आणि त्याच्या दोन्ही अंगांना मेंदूची आणि चेहऱ्याची धमनी चिकटलेली आहे. जाड सुईने तुकडा काढायला गेलं तर रक्त थांबवणं अवघड होऊ शकतं. सुईने झालेल्या जखमेमुळे पुढे गाठ धमनीपासून सोडवणंही कठीण जातं. बरं, एवढं करून हातात फार काही नवीन येत नाही. फोटोतलं चित्र इतकं बोलकं असतं की बहुतेक वेळा तुकड्याशिवायच निदान पक्कं होतं.

इथे मला डॉक्टर मित्रांनाही एक कळकळीची विनंती करायची आहे. आपल्या भागात मानेतल्या गाठी खरोखरच अनेकदा टीबीच्या असतात आणि त्यांना सुईची तपासणी हीच योग्य. पण गाठ जबड्याच्या कोनाखाली असेल, हाताला धडधड लागत असेल, किंवा ती आडवी सरकते पण वर-खाली हलत नाही असं वाटत असेल, तर सुईच्या आधी पाच मिनिटं कलर डॉपलर लावा. गाठ धमनीला धरून असते, म्हणून ती उभी सरकत नाही. बोटांनी कळणारी ही खूण कुठल्याही तालुक्याच्या ओपीडीत फुकट तपासता येते.

सोनोग्राफीत दिसलं, मग पुढचे फोटो कशाला?

सोनोग्राफीने गाठीचं नाव कळलं. सर्जनला त्याहून बरंच जास्त हवं असतं. गाठ वर कुठपर्यंत गेली आहे? कवटीच्या तळाशी भिडली आहे का? तिथे हाडाच्या आड सोनोग्राफी पोचत नाही. गाठीचं वरचं टोक कवटीच्या जितकं जवळ, तितकी हात घालायला जागा कमी आणि रक्तस्राव व नसांना इजा होण्याची भीती जास्त.

सीटी अँजिओग्राफीत शिरेतून कॉन्ट्रास्टचं (याला डायही म्हणतात) इंजेक्शन देऊन मानेच्या पातळ पातळ चकत्यांचे फोटो काढतात. गाठ डाय अधाशासारखी पिते आणि धमन्यांच्या बरोबरीने उजळते. एमआरआयमध्ये किरणं नसतात, चुंबक असतं, आणि मऊ भागांतला फरक त्यात जास्त स्वच्छ दिसतो. गाठ दोन सेंटिमीटरच्या पुढे गेली की एमआरआयमध्ये पांढुरक्या पोतावर काळे ठिपके दिसतात. जोरात वाहणाऱ्या रक्तवाहिन्या त्या फोटोत काळ्या उमटतात. पुस्तकं याला मीठ-मिरी म्हणतात. खानदेशी माणसाला मी सांगतो, कळण्याचं पीठ आठवा, ज्वारीत उडदाच्या सालीचे काळे कण असतात ना, तसं.

पण सगळ्यात मोलाची माहिती म्हणजे विळखा. १९७१ साली शँब्लिन या डॉक्टरांच्या नावाने या गाठींचे तीन गट पडले. पहिल्या गटातली गाठ धमनीला नुसती टेकलेली असते. दुसऱ्या गटातली तिला अर्धवट धरून बसते. तिसऱ्या गटातली तिला चहूबाजूंनी गिळून टाकते. अडचण अशी की हे ऑपरेशन करतानाच कळायचं. मुंबईच्या टाटा मेमोरियलमधल्या डॉक्टरांनी २००८ साली एमआरआयवरून ते आधीच ओळखायची मोजपट्टी मांडली. मेंदूकडे जाणाऱ्या धमनीचा गोल घ्यायचा आणि गाठ त्याला किती अंशांत चिकटली आहे ते मोजायचं. १८० अंशांपर्यंत असेल तर पहिला गट, २७० च्या आत दुसरा, त्याच्या पुढे तिसरा. तिसऱ्या गटात धमनीचा तुकडा गाठीबरोबर काढावा लागू शकतो आणि पायातली शीर तिथे जोडावी लागते. म्हणजे धमनीचा सर्जन सोबत हवा, रक्ताच्या बाटल्या तयार हव्यात. कोणत्या गावच्या कोणत्या दवाखान्यात ऑपरेशन करायचं हे या एका आकड्यावर ठरू शकतं. मावशींचा विळखा दोनशेच्या आसपास होता.

मोठ्या गाठीत ऑपरेशनच्या एक-दोन दिवस आधी आणखी एक पायरी असू शकते. जांघेतून बारीक नळी सरकवत मानेच्या धमनीपर्यंत नेतात आणि गाठीला पाणी पाजणाऱ्या छोट्या चाऱ्या, ज्या बहुतेक बाहेरच्या फाट्यातून निघतात, त्या बारीक कणांनी बुजवतात. याला एम्बोलायझेशन म्हणतात. गाठ कोमेजते, ऑपरेशनमध्ये रक्त कमी जातं. मात्र एखादा कण वाट चुकून मेंदूत गेला तर लकवा होऊ शकतो, त्यामुळे सगळे सर्जन ते करून घेत नाहीत आणि लहान गाठीत त्याची गरजही नसते. मेंदूची धमनीच काढावी लागेल अशी शंका असेल, तर आधी छोट्या फुग्याने ती थोडा वेळ बंद करून बघतात. रुग्ण जागा असतो, डॉक्टर त्याच्याशी बोलत राहतात, हातपाय हलवायला सांगतात. एक चारी बंद केली तर बाकीच्या चाऱ्यांवर शेत तगतं का, हेच त्यात बघायचं असतं.

याशिवाय गाठ एकटी आहे की आणखी कुठे भावंडं आहेत हेही पाहतात. दुसऱ्या बाजूची मान तर प्रत्येक वेळी बघायचीच. गॅलियम-६८ डोटाटेट नावाचा पेट स्कॅन अंगभर लपलेल्या अशा गाठी शोधण्यात फार तरबेज आहे. त्याच्या जोडीला रक्ताची किंवा लघवीची मेटानेफ्रिन तपासणी. या कुळातल्या काही थोड्या गाठी रक्तदाब भडकवणारी द्रव्यं सोडतात आणि ते आधी कळलं नाही तर टेबलावरच दाब बेफाम चढू शकतो.

तर मग काढायचीच का?

मावशींचा मूळ प्रश्न हाच होता. खरं उत्तर असं की प्रत्येकाची काढत नाहीत. वय जास्त, गाठ लहान, वाढ नाही, दुसरे आजार बरेच, तर दर वर्षी फोटो काढून नजर ठेवणं हाही पूर्ण सन्मानाचा उपचार आहे. काही जणांना रेडिएशन देतात, त्याने गाठ सहसा जात नाही पण वाढ थांबते. दोन्ही बाजूंना गाठी असतील तर दोन्ही एकदम कधीच काढत नाहीत, कारण त्याच जागेत रक्तदाब सांभाळणाऱ्या नसाही असतात आणि दोन्हीकडच्या गेल्या तर दाब वर-खाली उसळत राहतो.

मावशी पंचेचाळिशीच्या, तब्येत ठणठणीत, गाठ चार वर्षांत वाढलेली आणि विळखा अजून तिसऱ्या गटात न गेलेला. थांबलो असतो तर पुढचं ऑपरेशन जास्त अवघड झालं असतं. हे कळल्यावर त्यांनीच ठरवलं.

गाठ गेली, आता पुन्हा फोटो कशाला?

मला सर्वांत जास्त बोलायचंय ते याच्याबद्दल. ऑपरेशननंतरचे फोटो काढायला लोक कंटाळतात, आणि काढले तरी ते वाचताना चुका होतात.

पहिल्या काही दिवसांत फोटो काढलाच तर तो गाठ शोधायला नसतो. रक्त साचलंय का, धमनी मोकळी वाहतेय का, शीर जोडली असेल तर जोड धरलाय का, एवढंच बघायचं असतं. बहुतेकदा डॉपलर पुरतं. त्या दिवसांत गाठीच्या जागी सूज असते, जखम भरत असते आणि भरणारी जखमही डाय पिते. नुकत्या नांगरलेल्या रानात तण उरलंय का हे जसं कळत नाही, तसंच हे. म्हणून साधारण तीन महिन्यांनी एक नीट एमआरआय किंवा सीटी काढतात. हा पायाचा फोटो, पुढच्या प्रत्येक वर्षीची तुलना त्याच्याशी. जखमेचा वण हळूहळू आक्रसतो आणि फिका होतो. उरलेली गाठ तशीच झटकन डाय घेत राहते, किंवा वाढते. हा फरक एका फोटोत कळत नाही, दोन फोटो शेजारी ठेवले की कळतो.

मावशींचं ऑपरेशन मोठ्या शहरात झालं आणि चांगलं झालं. तीन-साडेतीन महिन्यांनी त्यांनी दुसरीकडे एमआरआय काढला आणि त्या रिपोर्टात लिहून आलं, "जिभेच्या डाव्या बाजूला संशयास्पद गाठ, कॅन्सर नाकारता येत नाही." घरात पुन्हा तेच वातावरण. त्या माझ्याकडे आल्या तेव्हा पिशवीत ऑपरेशनआधीची सीडी आणि डिस्चार्ज कार्ड दोन्ही होतं. मी म्हटलं, मावशी, जीभ बाहेर काढा. जीभ बाहेर आली आणि डावीकडे वळली.

त्या बेचक्यावरून जीभ हलवणारी बारावी नस जाते. गाठ सोडवताना ती ताणली जाते, कधी तिचा जोर जातो. मग जिभेचा त्या बाजूचा अर्धा भाग लुळा पडतो. पहिल्या काही महिन्यांत तो सुजतो, एमआरआयमध्ये उजळ दिसतो, डायही घेतो, उताणं झोपल्यावर घशाकडे घसरतो आणि हुबेहूब गाठीसारखा भासतो. पुढे तो सुकत जातो आणि त्याच्या जागी चरबी दिसू लागते. मावशींच्या आधीच्या सीडीत जीभ दोन्हीकडे सारखी होती आणि कार्डावर "बारावी नस ताणली गेली" अशी नोंद होती. तीन गोष्टी जुळल्या आणि तुकडा काढायचं टळलं. सहा महिन्यांनी तो भाग आक्रसलेला दिसला.

आवाजाचंही असंच. व्हेगस नस दुखावली तर एक स्वरतंतू हलत नाही, आवाज घोगरा होतो. फोटोत तो तंतू मध्येच अडकलेला दिसतो. साखरेच्या पेट स्कॅनमध्ये तर गंमत वाटावी असं होतं, चांगला तंतू दुप्पट काम करतो म्हणून तोच पेटलेला दिसतो आणि नवखा वाचणारा निरोगी बाजूला रोग ठरवून बसतो. ऑपरेशनमध्ये लावलेल्या धातूच्या क्लिपांमुळेही सीटीत चरे-रेघा उमटतात, एमआरआयमध्ये काळे डाग.

आणि एक त्रास फोटोत दिसतच नाही. जेवताना पहिला घास तोंडात घातला की जबड्याच्या सांध्यापुढे कळ मारते, दोन-चार घासांनी ती विरते. त्याला पहिल्या घासाचं दुखणं असंच नाव आहे. लाळग्रंथीकडे जाणारी बारीक नस गेल्याने ते होतं. मावशींना ते भाकरीच्या पहिल्या तुकड्याला व्हायचं आणि त्यांना वाटायचं गाठ परत आली. डॉक्टरांना सांगावं, पण त्यासाठी घाबरून एमआरआयला धावू नये.

किरणं, खर्च आणि ती सीडी

एवढ्या फोटोंनी दुसराच आजार नाही ना होणार? सोनोग्राफी आणि एमआरआयमध्ये क्ष-किरणं नसतातच. मानेच्या एका सीटीत साधारण ३ मिलिसिव्हर्ट मात्रा मिळते. माती, हवा, अन्न यांतून माणसाला जगात सरासरी वर्षाला २.४ मिलिसिव्हर्ट मिळतच असते. एकदा-दोनदा गरजेने काढायला हरकत नाही. दर वर्षीच्या तपासणीला मात्र एमआरआय किंवा सोनोग्राफी बरी. कॉन्ट्रास्टआधी क्रिएटिनिनचा, म्हणजे किडनीचं काम कसं चाललंय ते सांगणारा, रिपोर्ट दाखवा, साखरेची गोळी चालू असेल तर सांगा.

खर्चाबद्दल, महात्मा फुले जन आरोग्य योजना लागू असलेल्या दवाखान्यात आरोग्यमित्र बसतो. ऑपरेशनची तारीख घेण्याआधी त्याला भेटा. तुमची शस्त्रक्रिया योजनेत बसते का आणि तपासण्यांपैकी काय काय धरलं जातं, ते दोन्ही त्यालाच विचारा.

आणि फोटो काढलात की फिल्मवर समाधान मानू नका, सीडी मागून घ्या. फिल्मवर निवडक चकत्या असतात, सीडीत सगळ्या. विळखा नव्याने मोजायचा, जीभ पुन्हा बघायची, तर सगळ्याच लागतात. धडगाव-अक्कलकुव्याहून एसटीने पाच-सहा तास खर्चून येणाऱ्या माणसाला फक्त सीडी नाही म्हणून पुन्हा तपासणीला बसवताना मला फार वाईट वाटतं. सीडी घासली जाते, म्हणून एक प्रत पेनड्राइव्हवर ठेवा. डिस्चार्ज कार्डाची झेरॉक्स त्याच पाकिटात.

घरातल्या बाकीच्यांचं काय?

या गाठींपैकी बऱ्याच, जवळपास तीनात एक, घराण्यातून आलेल्या असतात. मावशींच्या रक्ताची जनुकीय तपासणी झाली, त्यात एसडीएचडी नावाच्या जनुकात दोष निघाला. हा दोष वडिलांकडून आला तर गाठ होऊ शकते, आईकडून आला तर तो बहुधा गप्प बसतो. म्हणून तो एक पिढी लपून पुढच्या पिढीत उगवतो आणि घरच्यांना वाटतं, आपल्याकडे तर कुणालाच नव्हतं. मावशींच्या मुलाला दोष मिळाला असेल तरी त्याला स्वतःला गाठ होण्याची शक्यता फार कमी. पण पुढे त्याच्या मुलांना होऊ शकते, हे त्याला आत्ताच माहीत असायला हवं.

भावंडांचं तसं नाही, त्यांनाही तो वडिलांकडूनच मिळालेला असू शकतो. शहाद्याचा भाऊ, ज्याने सुईचं विचारलं होतं, त्याची तपासणीही आली, दोष होता. कलर डॉपलर लावला तर उजव्या बेचक्यात सात मिलिमीटरचा लालभडक ठिपका. चाऱ्या अजून फाकलेल्या नाहीत, विळखा नाही, त्रास नाही. तूर्त काही करायचं नाही, फक्त एमआरआय काढून ठेवायचा. त्याने जाताना सीडीच्या दोन प्रती मागितल्या, एक स्वतःसाठी आणि एक बहिणीकडे ठेवायला.